नर्सिंग होम चालवणाऱ्या माणसाचाही परवाना हवा

नागपूरच्या धंतोली किंवा रामदासपेठेतल्या कोणत्याही नर्सिंग होमच्या स्वागतकक्षात गेलात, तर काउंटरमागच्या भिंतीवर चौकटीत बसवलेली प्रमाणपत्रे दिसतात. सर्वांत वर महापालिकेच्या आरोग्य विभागाचे नोंदणी प्रमाणपत्र असते, कारण ते ठळक जागी लावणे कायद्यानेच बंधनकारक केले आहे. त्याखाली डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी, सोनोग्राफी मशीन असेल तर गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालचे प्रमाणपत्र, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र, अग्निशमन विभागाचा दाखला, लिफ्टचा परवाना, औषध दुकानाचा परवाना. आत काम करणाऱ्या सिस्टरची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते, फार्मासिस्टची फार्मसी कौन्सिलकडे, आणि एक्स-रे यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे. मी अशाच एका नर्सिंग होमची व्यवस्थापक म्हणून बरीच वर्षे काम करत आले आहे आणि या सगळ्या कागदांच्या नूतनीकरणाच्या तारखा सांभाळणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्या भिंतीवर माझ्या नावाचा एकही कागद नाही, आणि तो असावा अशी अपेक्षा आजवर कोणत्याही कार्यालयाने व्यक्त केलेली नाही.

हा विषय माझ्या डोक्यात पक्का बसला तो भाचीमुळे. ती कॅलिफोर्नियात नर्सिंग होम प्रशासकाच्या परवान्याची तयारी करते आहे. फोनवर बोलता बोलता तिने सहज विचारले, "मावशी, आपल्या इकडे जबाबदार माणूस म्हणून लायसन्स कोणाच्या नावावर असते?" मी म्हटले, डॉक्टरसाहेबांची नोंदणी असते आणि इमारतीची असते. "आणि चालवणाऱ्याचं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून तिकडचे नियम मी तिच्याकडून आणि नंतर स्वतः वाचून समजून घेतले. आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे दहा-वीस खाटांचे खासगी रुग्णालय, जिथे बाळंतपण होते, अपेंडिक्सचे ऑपरेशन होते आणि माणूस चार-सहा दिवसांत घरी जातो. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे अशी जागा, जिथे अंथरुणाला खिळलेली किंवा स्मृती गेलेली वृद्ध माणसे महिनोन्‌महिने, कधी शेवटपर्यंत राहतात. आपल्याकडे त्या जागेच्या सर्वांत जवळची संस्था म्हणजे अलीकडे नागपूरच्या बाहेरच्या वस्त्यांत वाढत चाललेली वृद्धांची केअर सेंटर्स.

अमेरिकेत हा परवाना एका दिवसात आला नाही. 1963 च्या 23 नोव्हेंबरला ओहायो राज्यातल्या फिचव्हिल येथे एका खासगी नर्सिंग होमला आग लागून 63 वृद्ध मृत्युमुखी पडले. 1965 मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी आरोग्य योजना सुरू झाल्या आणि वृद्धांच्या शुश्रूषेसाठी सरकारी पैसा मोठ्या प्रमाणावर खासगी संस्थांकडे जाऊ लागला. हा पैसा घेणारी घरे कोण चालवते, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्यासारखा राहिला नाही. 1967 मध्ये सामाजिक सुरक्षा कायद्यात दुरुस्ती झाली, जिचा पाठपुरावा सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी केला होता, आणि तिने प्रत्येक राज्याला सांगितले की मेडिकेडचा निधी हवा असेल तर 1 जुलै 1970 पासून तुमच्या राज्यातले कोणतेही नर्सिंग होम परवानाधारक प्रशासकाशिवाय चालता कामा नये. परवाना द्यायचा राज्याने, पण तो द्यायचाच, अशी ही रचना आहे. आजही केंद्रीय नियम संस्थेच्या नियामक मंडळावर बंधन घालतो की त्याने परवानाधारक प्रशासक नेमावा, आणि तो प्रशासक संस्थेच्या व्यवस्थापनासाठी जबाबदार राहील व त्या मंडळाला उत्तर देईल.

राज्याराज्यांच्या अटी वेगवेगळ्या आहेत, पण सांगाडा साधारण सारखाच असतो. बहुतेक राज्यांत पदवी लागते, गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी होते, नर्सिंग होम प्रशासकांच्या मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेची परीक्षा द्यावी लागते आणि पुष्कळ राज्यांत त्या राज्याच्या कायद्यांवर वेगळी परीक्षा असते. राष्ट्रीय परीक्षेचे दोन भाग आहेत. पहिला सर्व प्रकारच्या दीर्घकालीन शुश्रूषा संस्थांना समान असलेला, आणि दुसरा खास नर्सिंग होमचा. तिच्या विषयांत शुश्रूषा आणि आधारसेवा, दैनंदिन कारभार, परिसर व गुणवत्ता, आणि नेतृत्व अशी चार क्षेत्रे येतात. म्हणजे हिशेब येतो पण शय्याव्रण (सतत अंथरुणात पडून होणाऱ्या जखमा) कशाने होतात हे ठाऊक नाही, असा माणूस त्यात उत्तीर्ण होऊ शकत नाही. आणि त्याउलट, उत्तम शुश्रूषा जाणणारा पण पगारपत्रक आणि कामगार कायदा न कळणारा माणूसही होऊ शकत नाही. परवाना मिळाल्यावरही तो आयुष्यभराचा नसतो. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी नूतनीकरण करताना 40 तासांचे पुढील शिक्षण दाखवावे लागते.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटला तो उमेदवारीचा भाग. कॅलिफोर्नियात पदवीधर उमेदवाराला साधारणपणे 1,000 तास एखाद्या अनुभवी, परवानाधारक प्रशासकाच्या हाताखाली प्रत्यक्ष नर्सिंग होममध्ये काढावे लागतात. हे तास प्रशासकाच्या खोलीत बसून मोजले जात नाहीत. उमेदवाराला एकेका विभागात पाठवतात: शुश्रूषा, स्वयंपाकघर, धुलाई, साफसफाई, दुरुस्ती, बिले, रहिवाशांचे मनोरंजन, नातेवाइकांशी बोलणारा सामाजिक कार्य विभाग. माझ्या भाचीने धुलाईघरात काम करताना पाहिले की एका मजल्यावरून येणाऱ्या चादरी रोज जास्त ओल्या असतात. विचारपूस केल्यावर कळले की त्या मजल्यावर रात्री एक मदतनीस कमी असते आणि म्हणून रहिवाशांना वेळेवर स्वच्छतागृहात नेले जात नाही. कागदावरच्या हजेरीपटात ही गोष्ट दिसत नव्हती, चादरींत दिसत होती. नर्सिंग होम चालवायला शिकणे म्हणजे नेमके काय, हे मला इतक्या स्पष्टपणे आपल्याकडच्या कोणत्याही अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात वाचायला मिळालेले नाही.

दुसरी विचारपूर्वक केलेली गोष्ट म्हणजे परवाना देणाऱ्या मंडळाची रचना. अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार त्या मंडळावर कोणत्याही एका व्यवसायाचे किंवा एका प्रकारच्या संस्थांचे प्रतिनिधी बहुसंख्य असता कामा नयेत, आणि जे सदस्य संस्थांच्या बाहेरचे आहेत त्यांचा नर्सिंग होमच्या व्यवसायात प्रत्यक्ष आर्थिक हितसंबंध असता कामा नये. मंडळाने केवळ परवाने वाटायचे नाहीत. प्रशासकाविरुद्ध तक्रार आली तर चौकशी करायची आणि गरज पडल्यास परवाना निलंबित किंवा रद्दही करायचा. डॉक्टरांच्या बाबतीत हा अधिकार आपल्याकडे मेडिकल कौन्सिलला आहेच. वृद्धांच्या घराचा कारभार पाहणाऱ्याच्या बाबतीत तो कोणालाच नाही, त्यामुळे एका ठिकाणी हलगर्जीपणा करून बाहेर पडलेला व्यवस्थापक दुसऱ्या महिन्यात दुसरीकडे रुजू होऊ शकतो.

जबाबदारी एका नावावर असण्याचा अर्थ काय, हे फ्लोरिडातल्या एका घटनेवरून कळते आणि नागपूरच्या माणसाला ती घटना विशेष कळावी. सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा चक्रीवादळाने तिथल्या हॉलिवूड शहरातल्या एका नर्सिंग होमची वातानुकूलन यंत्रणा बंद पडली. पंखे आणि छोटे फिरते कूलर लावून दिवस काढले गेले. समोरच वीज आणि गारवा असलेले रुग्णालय होते, तरीही रहिवाशांना वेळेत हलवले गेले नाही, आणि 12 वृद्धांचे मृत्यू त्या उकाड्याशी जोडले गेले. प्रशासकावर फौजदारी खटला चालला आणि 2023 मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष मुक्त केले. दोष कोणाचा हा प्रश्न न्यायालयात गेला, पण उत्तर देण्यासाठी उभे कोणी राहायचे, हा प्रश्न मात्र कधीच उद्भवला नाही, कारण ते नाव परवान्यावर लिहिलेले होते. त्यानंतर फ्लोरिडा राज्याने नियम केला की वीज गेल्यावर नर्सिंग होमने 96 तास आतले तापमान 81 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे 27 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ न देण्याची सोय इंधनासह ठेवावी.

आता आपल्याकडचा मे महिना पाहा. पारा 45 अंशांच्या पुढे जातो, दुपारी रस्ते ओस पडतात, महापालिकेचा उष्माघात प्रतिबंधक आराखडा दरवर्षी जाहीर होतो आणि त्यात वृद्धांची काळजी घ्या असे आवर्जून सांगितलेले असते. ओळखीच्या एका कुटुंबाने आपल्या आजोबांना शहराबाहेरच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवले होते आणि माझा अनुभव लक्षात घेऊन मला सोबत पाहायला बोलावले. जागा स्वच्छ होती, भिंतींना नवा रंग होता, दारात तुळस होती. आत सहा खाटांच्या खोलीत एक मोठा कूलर होता. त्याच्या वाळ्याच्या ताट्या अर्ध्या कोरड्या होत्या, आणि खोलीला समोरासमोर खिडक्या नसल्यामुळे दमट हवा आतच फिरत होती. इन्व्हर्टर होता, पण त्यावर दिवे आणि पंखे चालत, कूलर चालत नसे. जनरेटर नव्हता. वीज गेली तर काय करता, असे विचारल्यावर तिथल्या मावशी म्हणाल्या, "ओल्या चादरी टांगतो जी." त्या मावशींच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण चादरी कधी टांगायच्या, किती तापमानाला माणूस हलवायचा, कोणत्या रुग्णालयात हलवायचा आणि हा निर्णय रात्री दोन वाजता कोण घेणार, हे ठरवून ठेवणारे त्या घरात कोणी नव्हते.

खाटेच्या पायथ्याशी कूस बदलण्याचा तक्ता लावलेला होता. ज्यांना स्वतःहून वळता येत नाही अशा माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाजवळ आणि टाचांवर कातडी लाल होऊन जखम होते, आणि अशी खोल जखम वृद्ध माणसाच्या जिवावर बेतू शकते. आजोबांच्या तक्त्यावर रात्री 12, 2, 4 आणि पहाटे 6 चे रकाने भरलेले होते. एकाच पेनाने, एकाच हाताने, एकाच तिरक्या ओळीत. आम्ही तिथे संध्याकाळी पाच वाजता होतो आणि ते रकाने त्या दिवशीच्या, अजून यायच्या रात्रीचे होते. आजोबांच्या उजव्या टाचेवर रुपयाच्या नाण्याएवढा लाल डाग होता, जो बोट दाबल्यावरही पांढरा पडत नव्हता. व्यवस्थापकाला दाखवले तेव्हा तो मनापासून गोंधळला. तो भला तरुण होता, आधी मंगल कार्यालयाचा हिशेब पाहत असे, आणि दाबल्यावर डाग पांढरा न पडणे म्हणजे जखमेची पहिली पायरी, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. मी त्याला दोष देत नाही. त्याला त्या खुर्चीवर बसवण्यापूर्वी काही विचारलेच पाहिजे, असे सांगणारा नियमच नाही.

आपल्याकडे कायदा अजिबात नाही असे मात्र म्हणता येणार नाही. ज्याला आपण अजूनही बॉम्बे नर्सिंग होम अ‍ॅक्ट म्हणतो, तो 1949 चा नोंदणी कायदा आजही लागू आहे. त्याखालचे नियम 1973 चे आहेत. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नसल्यामुळे खासगी रुग्णालयांचा मुख्य आधार हाच. नवल वाटेल, पण त्या जुन्या कायद्यात व्यवस्थापनाबद्दल एक वाक्य आहे: नर्सिंग होमचे व्यवस्थापन पात्र डॉक्टरकडे किंवा पात्र परिचारिकेकडे नसेल, आणि ती व्यक्ती तिथेच राहणारी नसेल, तर नोंदणी नाकारता येते. 1949 साली हा विचार योग्यच होता. आज बहुतेक ठिकाणी अर्जावर मालक डॉक्टरांचे नाव जाते, ते दिवसभर ओपीडी आणि ऑपरेशन थिएटरमध्ये असतात, आणि कर्मचाऱ्यांच्या पाळ्या, ऑक्सिजनचा साठा, विम्याची कागदपत्रे, अग्निसुरक्षेची तपासणी, नातेवाइकांच्या तक्रारी हे सगळे माझ्यासारखी व्यक्ती पाहते, जिचा कायद्यात उल्लेख नाही. जानेवारी 2021 मध्ये नियमांत मोठी दुरुस्ती झाली; रुग्णहक्कांची सनद लावणे, दरपत्रक दाखवणे, तक्रार निवारणाची सोय ठेवणे बंधनकारक झाले, आणि बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येणार नाही हेही स्पष्ट झाले. ही दुरुस्ती मला मनापासून पटलेली आहे. पण ही सनद राबवणारी व्यक्ती कोण असावी, यावर ती काही बोलत नाही.

दुरुस्ती आली त्याच महिन्यात, 9 जानेवारी 2021 च्या पहाटे, आपल्या शेजारच्या भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून 10 बाळे गेली. ते सरकारी रुग्णालय होते, त्याला हा कायदा लागू नाही. तरीही त्यानंतर विदर्भातल्या प्रत्येक रुग्णालयाने आपल्या वायरिंगकडे नव्याने पाहिले. 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, प्रमाणपत्र घेऊन सादर करायचे असते. म्हणजे आग विझवण्याचे नळकांडे तपासणाऱ्याला परवाना लागतो.

वृद्धांच्या केअर सेंटरची स्थिती याहून कठीण आहे. 1949 च्या कायद्यातली व्याख्या आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या माणसांना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा देणाऱ्या जागेची आहे. 'दुर्बलता' हा शब्द तिथे असूनही चालक म्हणतात की आम्ही उपचार करत नाही, फक्त सांभाळतो, आणि मग महापालिकेच्या नोंदणीचा प्रश्नच मिटतो. अशी घरे कुठे सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असतात, तर कुठे केवळ दुकाने व आस्थापना कायद्याखाली. धर्मादाय कार्यालय हिशेब पाहते, दुकाने कायदा कामाचे तास पाहतो. टाचेवरचा लाल डाग दोघांच्याही कक्षेत येत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा निराधारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 जणांचे वृद्धाश्रम उभारण्याबद्दल बोलतो, पण पैसे घेऊन चालणाऱ्या खासगी घरांची नोंदणी त्यात नाही. ती उणीव भरून काढणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले होते. त्यात ज्येष्ठांची केअर होम्स आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्था यांची नोंदणी व किमान दर्जा यांची तरतूद होती. ते मंजूर झाले नाही आणि 17 व्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. 2011 च्या जनगणनेतच महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीपुढच्यांचे प्रमाण 9.9 टक्के होते. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा भाचीसारखी परदेशात असलेल्या नागपुरातल्या घरांना या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

माझ्या क्षेत्रातले सहकारी यावर एक आक्षेप घेतात आणि तो रास्त आहे. आधीच एवढे परवाने आहेत, त्यात आणखी एक आला तर आणखी एका टेबलावर फाइल अडणार, आणि मोठी कॉर्पोरेट रुग्णालये तो सहज काढतील, मरण होईल ते वीस खाटांच्या नर्सिंग होमचे. शिवाय परवान्याने सगळे सुधारते असे अमेरिकेतही दिसत नाही. तिथे पुष्कळ नर्सिंग होम्स खासगी साखळ्यांच्या मालकीची आहेत. खर्च मालक ठरवतो आणि माणसे कमी पडली की उत्तर प्रशासकाला द्यावे लागते. 2024 मध्ये तिथल्या केंद्र सरकारने प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला 3.48 तास शुश्रूषेचा किमान नियम केला, पण एप्रिल 2025 मध्ये टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने तो रद्द ठरवला. म्हणजे चालवणाऱ्याला परवाना आहे, पण त्याच्या हाताखाली किती माणसे असावीत यावर एकमत नाही. हे सगळे मान्य करूनही माझे मत बदलत नाही, कारण आपल्याकडचा प्रश्न त्याच्या आधीच्या पायरीवरचा आहे: उत्तर द्यायला कोणाचे नावच नाही.

म्हणून तिकडची व्यवस्था जशीच्या तशी आणावी असे माझे म्हणणे नाही. पदवीची सक्ती मी करणार नाही. नागपुरातली काही उत्तम चालणारी केअर सेंटर्स मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतून निवृत्त झालेल्या सिस्टर चालवतात, आणि त्यांतल्या कित्येकींचे शिक्षण जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमापर्यंतचे असले तरी त्यांची नजर मी कोणत्याही व्यवस्थापन पदवीपेक्षा वरची मानते. राज्य पातळीवर मंडळ असावे, त्यावर डॉक्टर, परिचारिका, ज्येष्ठ नागरिक संघांचे प्रतिनिधी आणि कायदा जाणणारी माणसे असावीत, आणि मालकांचे बहुमत नसावे. परीक्षा मराठीत द्यायची सोय असावी. ठरावीक तासांची उमेदवारी चांगल्या चालणाऱ्या घरात व्हावी, जीत रात्रपाळीही असेल, कारण दिवसा पाहिलेले घर आणि रात्री तीन वाजताचे घर यांत फार फरक असतो. आणि विदर्भापुरती तरी परीक्षेत उष्म्याची तयारी हा वेगळा विषय असावा.

आज काम करणाऱ्यांचे काय, हा प्रश्न उरतो. अमेरिकेने 1967 च्या कायद्यातच त्याची सोय केली होती: आधीपासून काम करणाऱ्या प्रशासकांना ठरावीक मुदतीपुरती सूट, आणि त्या मुदतीत पात्र होता यावे म्हणून प्रशिक्षणाची व्यवस्था. मंगल कार्यालयातून आलेल्या त्या तरुणाला अशा दोन वर्षांत नक्कीच तयार करता येईल. त्या कुटुंबाने दिलेल्या सूचनेनंतर त्याने तक्ता रोज दोन पाळ्यांत वेगवेगळ्या सहीने भरायला लावला आहे आणि जनरेटरसाठी मालकाकडे अर्ज दिला आहे. मला त्याने फोन करून विचारले की हे सगळे नीट शिकायचे असेल तर कुठे जायचे. मी त्याला सध्या आमच्याकडे आठवड्यातून एक रात्र येऊन आमच्या इन्चार्ज सिस्टरसोबत राउंड घ्यायला सांगितले आहे.